ऑफिसात सगळे ‘लग्न कधी?’ विचारतात आणि आपण गे आहोत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कुणासाठी लिहिलंय?

कोल्हापुरात नाहीतर आसपास नोकरी करणाऱ्या, आपण गे आहोत हे स्वतःला पक्कं माहीत असलेल्या पण कामाच्या ठिकाणी कुणालाच न सांगितलेल्या पोरांसाठी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची एमआयडीसी, राजारामपुरीतलं सीएचं ऑफिस, शाहूपुरीतलं दुकान, पतसंस्था, शाळा, साखर कारखाना, कुठंही असा. मी स्वतः एका फाउंड्रीत डिस्पॅचला आहे. चॅटवर पोरं हेच प्रश्न परत परत विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मुलींनाही यातलं बरंच लागू पडेल, पण त्यांच्यावरचा दबाव वेगळा आणि जास्त असतो, ते त्यांनीच लिहिलेलं बरं.

‘लाडू कधी?’, ‘बार कधी उडवायचा?’, ‘अक्षता कधी टाकायच्या?’ रोज कुणीतरी विचारतंच. काय उत्तर द्यायचं?

आधी कोण विचारतंय ते बघा. आपल्याकडं ‘जेवलास काय’ विचारतात त्याच सवयीनं ‘लग्न कधी’ विचारतात, दहातल्या आठ जणांच्या मनात काही नसतं, तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो आणि त्यांना पत्रिका वाटणारा कुणीतरी दिसला की तुमची आठवण येते एवढंच. अशांना उत्तर छोटं द्यायचं आणि दरवेळी तेच द्यायचं. ‘इतक्यात नाही ओ’ हे पुरतं. कारणं बदलत राहिलात, म्हणजे एकदा बहिणीचं व्हायचंय, एकदा घराचं कर्ज आहे, एकदा पत्रिकेत मंगळ आहे, की मग कुणीतरी हिशोब जुळवायला बसतो, बहिणीचं तर गेल्या वर्षीच झालं की रं म्हणतो, आणि जी चौकशी सहज होती ती खरीखुरी चौकशी होते.

आमच्याकडं दुपारी सगळ्यांचे डबे एकाच टेबलावर उघडतात. बुधवार असला की कुणाच्यातरी डब्यात मटण असतंच. स्टोअरचे एक काका भाकरी मोडता मोडता म्हणाले, ‘तुझं काय रं, पोरगी बघितलीस का न्हाई?’ सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, ‘न्हाई ओ काका, आणि इतक्यात बघणारबी न्हाई. ह्यो ठेचा कुणाचाय?’ ठेचा ज्याचा होता त्याची आई पाट्यावर वाटते, मग पाटा चांगला का मिक्सर यावर जेवण संपेपर्यंत चाललं. यात मी खोटं काही बोललो नाही हे लक्षात घ्या. दोन्ही वाक्यं खरी होती.

आणि जे हटून बसतात, ‘काय प्रॉब्लेम हाय का तुला?’ वगैरे, त्यांना सगळ्यांसमोर उत्तर देऊ नका. चहाला एकटं गाठून हळू आवाजात सांगा, ‘दादा, हा विषय मला नको वाटतो, परत काढू नका.’ चारचौघांत बोललात तर त्याला त्याची इज्जत राखायची असते म्हणून तो अजून जोर लावतो, एकट्यात बहुतेक माणूस ‘बरं बरं’ म्हणून सोडतो.

सरळ एक गर्लफ्रेंड आहे म्हणून सांगून टाकू का? पुण्यात असते म्हणून?

नको. सुरुवातीला फार सोपं वाटतं, पण त्या पोरीला नाव लागतं, आडनाव लागतं, कोल्हापुरात आडनाव आलं की गाव आलं आणि गाव आलं की ‘म्हणजे अमक्यांचे पाहुणे काय?’ आलंच. मग फोटो दाखव, मग फोन लाव. वर्षभरानं ब्रेकअप झालं म्हणून सांगितलंत तर सगळे सांत्वनाला येतात आणि दुसऱ्याच आठवड्यात स्थळं घेऊन येतात. शिवाय दिवसभर ते सगळं लक्षात ठेवून बोलायचं म्हणजे डोक्याला ताप, काम करायला डोकं रिकामं राहत नाही. मैत्रिणीचा फोटो तिला न विचारता ‘ही माझी’ म्हणून दाखवणारेही मी बघितलेत, ते तर अजिबात करू नका, तिचं नाव खराब होतं आणि आपल्या भागात ते तिलाच भोगायला लागतं.

पण न सांगणं म्हणजे पण खोटंच की? रोज बरोबर जेवतो त्यांना फसवतोय असं वाटतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो विचारणारी पोरं मनानं फार चांगली असतात म्हणूनच तो येतो. माझं मत स्पष्ट आहे. पगार किती, भावाबरोबर जमिनीची केस चालू आहे का, बायकोशी पटतं का, हे तुमचे कलीग तरी कुठं सगळं सांगतात? आणि तुम्ही त्यांना फसवे म्हणता का? प्रत्येक जण घरातलं काही ना काही दाराच्या आत ठेवतो. तुमचं दार फक्त जरा लवकर लागतं. तुमच्या गप्प बसण्यानं स्टोअरच्या काकांचं काय नुकसान होतंय? काहीच नाही.

फसवणूक सुरू होते ती तुमच्या गप्प बसण्याची किंमत दुसऱ्या कुणालातरी मोजायला लागते तिथं. म्हणजे लग्न. त्याचं खाली वेगळं लिहिलंय.

ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, पुट्टास्वामी केस म्हणतात ती, आणि त्यात माणसाचा लैंगिक कल हा त्याच्या खासगीपणाचा गाभ्याचा भाग आहे हेही लिहिलंय. त्यामुळं कुणाला सांगायचं आणि कधी, हे ठरवणारे तुम्हीच. टेबलावरच्या सहा जणांनी मतदान घेऊन ठरवायची ही गोष्ट नाही.

सोमवारी ‘रविवारी काय केलंस?’ विचारतात. मी तर पार्टनरबरोबर पन्हाळ्याला गेलो होतो.

‘पन्हाळ्याला गेलो होतो, धुकं लई होतं, झुणका-भाकरी खाल्ली.’ झालं. कोण बरोबर होतं विचारलं तर ‘मित्र’. मित्र तर आहेच की तो. फक्त त्याला एखाद्या मुलीचं नाव देऊन ‘ती म्हणाली’, ‘तिला आवडलं’ असं बोलू नका, एक तर जीभ घसरते आणि दुसरं म्हणजे आपल्याच माणसाला रोज खोडून टाकल्यासारखं होतं, ते आत कुठंतरी लागत राहतं, तुम्हालाही आणि त्याला कळलं तर त्यालाही.

साहेबांनीच स्थळ आणलंय. त्यांच्या मेव्हण्याची मुलगी. नाही कसं म्हणू?

पहिल्या दिवशीच म्हणा. ‘बघू’, ‘घरी विचारतो’ असं म्हणालात की तिकडं बायोडाटा जातो, तिकडून पत्रिका येते, मग कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरतो आणि त्यानंतर नाही म्हटलं की मुलीला नकार दिला असं होतं. साहेबांना एवढंच सांगा, ‘साहेब, तुम्ही मला घरचा समजून आणलंत, बरं वाटलं. पण माझं लग्नाचं काहीच ठरलेलं नाही, मुलीचा वेळ जायला नको.’ यात मुलीचा मान राहतो, साहेबांचाही राहतो. बायोडाटाचा कागद हातातसुद्धा घेऊ नका, व्हॉट्सअॅपवर आला तर आईला फॉरवर्ड तर मुळीच करू नका.

कोल्हापूर केवढंसं. ऑफिसात कळलं तर घरी कळायला किती वेळ?

चहा पिऊन होईपर्यंत. ही भीती खरी आहे, उगाच धीर देण्यात अर्थ नाही. इथं तुमचा सुपरवायझर तुमच्या आत्याच्या गावचा निघतो, एचआरमधल्या मॅडम तुमच्या चुलत बहिणीच्या भिशीत निघतात, तालमीतले, फुटबॉल टीममधले, शाळेतले सगळे एकमेकांत अडकलेले. म्हणून ऑफिसात कुणाला सांगायचा विचार असेल तर आधी एकच बघा, हे उद्या घरी पोचलं तर मी कुठं राहणार आणि खाणार काय. दोन-तीन महिन्यांचा खर्च स्वतःच्या खात्यावर बाजूला असू दे, आणि ते खातं वडिलांबरोबर जॉइंट नसू दे. स्वतःची कागदपत्रं, आधार, मार्कलिस्ट, पासपोर्ट असेल तर तो, स्वतःच्या ताब्यात असू द्या. एवढं झालं की मग सांगायचं की नाही याचा विचार शांतपणे करता येतो, नाहीतर भीतीच सगळं ठरवते.

मग एखाद्याला तरी सांगावं का?

सांगावं, जमलं तर. एक जण जरी असला तरी आठ तासांची शिफ्ट हलकी जाते. पण माणूस निवडताना तो तुमच्यावर किती जीव टाकतो यापेक्षा दुसऱ्यांचं गुपित तो कसा ठेवतो ते बघा. जो तुम्हाला येऊन ‘कुणाला सांगू नको पण अकाउंटच्या पोरीचं...’ असं सांगतो तो उद्या तुमचंही तसंच सांगणार, तो कितीही भावा-भावा करू दे. आधी एखादा विषय काढून बघा. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा सप्टेंबर २०१८ चा कलम ३७७ चा निकाल, नाहीतर ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला ती बातमी. तो काय म्हणतो त्यापेक्षा कसं म्हणतो ऐका. ‘मला कळत नाही पण ज्याचं त्याचं’ म्हणणारा चालतो. घाण तोंड करणारा नाही.

सांगताना दारू पिऊन सांगू नका, पार्टीत सांगू नका. रंकाळ्यावर चक्कर मारता मारता सांगा, चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लागत नाही म्हणून बोलणं सोपं जातं. आणि ‘हे फक्त तुला सांगितलंय, माझ्या घरी माहीत नाही’ हे वाक्य तोंडानं म्हणा, त्याला कळेल असं धरून चालू नका.

माझा आवाज बारीक आहे, चालणं वेगळं आहे, मागून ‘बायल्या’ म्हणतात. मी तर न सांगताच उघडा पडलोय.

ज्यांना लपवता येतं त्यांच्यासाठी सल्ला द्यायला सगळे असतात, तुमच्यासाठी कुणी नसतं, आणि सगळ्यात आधी त्रास तुम्हालाच होतो. आवाज बदलायच्या मागं लागू नका, ते होत नाही आणि दिवसभर घसा आवळून बोलायचं म्हणजे माणूस बोलायचंच सोडतो. एखादा तोंडावर म्हणाला तर थांबून, न ओरडता, ‘काय म्हणालास? परत म्हण’ एवढंच विचारा. बहुतेकांना दुसऱ्यांदा म्हणता येत नाही. परत परत होत असेल तर तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, कोण हजर होतं हे घरी जाऊन वहीत लिहीत चला. तक्रार करताना ‘मी गे आहे म्हणून’ असं लिहायची काही गरज नाही, ‘मला शिवीगाळ होते आणि त्यामुळं कामावर परिणाम होतो’ एवढं पुरेसं आहे, शिवी ही शिवीच असते, समोरचा कोण आहे त्यावर ती ठरत नाही.

आमच्याकडं गे म्हटलं की लोक जोगते, तृतीयपंथी यांच्यातच धरतात.

धरतात, कारण आपल्या भागानं तेवढंच बघितलंय. मार्गशीर्षात सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाणारे, परडी घेतलेले जोगते-जोगतिणी कोल्हापूरला पिढ्यानपिढ्या माहीत आहेत. आपण स्त्री आहोत असं आतून वाटणं वेगळं आणि पुरुष असून पुरुषावर प्रेम असणं वेगळं, हे शांतपणे सांगता येतं. पण एक करू नका, ‘मी काय त्यांच्यातला वाटलो का’ असं चिडून बोलू नका. रस्त्यावर दगड खाऊनही जी माणसं उघडपणे राहिली त्यांना खाली ढकलून आपण वर जायचं, हे मला पटत नाही.

स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गे जोक येतात. हसायचं का?

हसायची सक्ती नाही. इमोजी पण टाकू नका. ग्रुपवर भांडायला जाऊ नका, लक्ष तुमच्याकडं जातं. ज्याच्याशी बरं आहे त्याला वेगळा मेसेज करून ‘असलं नको टाकू भावा, घरात पोरंबाळं बघतात’ म्हणालात तर चालतं.

गे डेटिंग अॅपवर ऑफिसातलाच माणूस दिसला! आता?

घाबरू नका, तोही तिथंच आहे म्हणजे त्यालाही तुमच्याएवढीच भीती आहे. त्याचा स्क्रीनशॉट काढू नका, कुणाला दाखवू नका, दुसऱ्या दिवशी डोळा मारू नका. मुळात एमआयडीसीत अंतर मीटरमध्ये दिसतं, म्हणून शिफ्टमध्ये अॅप उघडूच नका, अंतर दाखवणं सेटिंगमधून बंद करा, चेहऱ्याचा आणि कंपनीच्या टी-शर्टचा फोटो लावू नका, नोटिफिकेशनमध्ये मेसेज दिसू देऊ नका. कंपनीच्या कॉम्प्युटरवर तर व्हॉट्सअॅप वेबसुद्धा नको.

गे आहे म्हणून नोकरीवरून काढलं तर कायदा काय म्हणतो?

खरं तेच सांगतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी नवतेज सिंग जोहर केसमध्ये सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध हा गुन्हा नाही असं सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३७७ सारखं कलमच नाही. म्हणजे ‘पोलिसात देतो’ अशी कुणी धमकी दिली तर ती पोकळ आहे. पण खासगी कंपनीनं गे असण्यावरून भेदभाव करू नये असा थेट कायदा अजून झालेला नाही. २०१९ चा कायदा तृतीयपंथी व्यक्तींसाठी आहे, आणि २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्याखाली तक्रार फक्त महिलेला करता येते. सरकारी नोकरीत तुमची बाजू जास्त भक्कम आहे, कारण सरकार राज्यघटनेला बांधलेलं आहे. २०२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं उत्तर प्रदेशातल्या एका होमगार्डला असंच काढलं होतं ते रद्द करून त्याला परत घ्यायला लावलं.

पण कोर्टात जिंकणं आणि माणूस वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलीगढ विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस, आपलेच मराठी कवी, त्यांच्या स्वतःच्या घरात घुसून २०१० मध्ये कुणीतरी चित्रीकरण केलं आणि विद्यापीठानं त्यांनाच निलंबित केलं. हायकोर्टानं एप्रिलमध्ये निलंबनाला स्थगिती दिली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते घरात मृतावस्थेत सापडले. मराठीचा प्रोफेसर, एकटा, घरापासून एवढ्या लांब. मला त्यांची आठवण फार येते. म्हणून तुमच्याबाबत काही झालंच तर वकिलाच्या आधी एक माणूस सोबत ठेवा, त्या रात्री घरी एकटे राहू नका.

कुणीतरी फोटो-चॅट दाखवून पैसे मागतोय, नाहीतर ऑफिसात सांगीन म्हणतोय.

एक रुपया देऊ नका, पहिला दिलात की दुसरा मागतोच. चॅट डिलीट करू नका, नंबर, यूपीआय आयडी, मेसेज सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा आणि मगच ब्लॉक करा. हा खंडणीचा गुन्हा आहे आणि गुन्हेगार तो आहे, तुम्ही नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, नाहीतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. पोलीस स्टेशनला जाताना वकील नाहीतर भरवशाचा मित्र बरोबर न्या. मुंबईत हमसफर ट्रस्ट या संस्थेनं अशा कामात वर्षानुवर्षं घालवलीत, त्यांच्याशी बोलता येतं.

कंपनीचं मेडिकल, एचआयव्ही टेस्ट, नॉमिनी, यातून कळेल का?

मेडिकलमधून कुणी गे आहे हे कळायची काही सोयच नाही. एचआयव्हीची टेस्ट नोकरीसाठी सक्तीची करता येत नाही, २०१७ चा कायदा आहे. स्वतःहून करायची असेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, फुकट होते आणि रिपोर्ट गुप्त ठेवतात. बँकेच्या खात्याला पार्टनरचं नाव नॉमिनी म्हणून लावायला किंवा जॉइंट खातं काढायला काही अडचण नाही, ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं तसं स्पष्टच सांगितलंय. काउंटरवरच्या ओळखीच्या माणसाची भीती असेल तर दुसऱ्या शाखेत खातं काढा.

एक जण म्हणाला ओळखीचे डॉक्टर आहेत, ‘बरं’ करतात.

हा आजारच नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० ला तो यादीतून काढलाय. आणि ‘बदलून देतो’ म्हणणारे उपचार करणं हे डॉक्टरसाठी गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलंय. पैसे आणि मन दोन्ही वाचवा. झोप येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर मात्र नक्की जा, पण त्या त्रासावर औषध घ्यायला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

शेवटी सगळ्यांची तोंडं बंद करायला लग्न करूनच टाकू का?

नाही. इथं मी मऊ बोलणार नाही. तुमचे कलीग लाडू खाऊन दोन दिवसांत विसरतील आणि तिसऱ्या दिवशी ‘पाळणा कधी?’ विचारतील. एक मुलगी मात्र कागलहून नाहीतर गडहिंग्लजहून सगळं सोडून तुमच्या घरी येईल, आपल्यात काय कमी आहे म्हणून नवरा जवळ येत नाही याचा विचार करत वर्षं काढेल, सासूचे टोमणे खाईल, आणि तिला कुणी कधी खरं सांगणार नाही. तुम्ही सापडलात कात्रीत, मान्य, घरचे रडतात, आई जेवत नाही, सगळं मान्य. पण त्या मुलीनं काय केलंय? ऑफिसात गप्प बसायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, तिच्यापुढं नाही. घरचे ऐकतच नसतील तर ‘मला लग्नच करायचं नाही’ यावर अडून राहा, कारण न देता. दोन वर्षं वाईट जातात. नंतर लोक ‘हा असलाच’ म्हणून सोडून देतात, मी सोडलेले बघितलेत.

पुण्या-मुंबईला निघून जाऊ का?

जावंसं वाटत असेल तर जा, पळून गेलो असं वाटून घेऊ नका. राहायचं असेल तर राहा. मला इथली माणसं, इथली भाषा, घाटावरची संध्याकाळ सोडवत नाही म्हणून मी राहिलोय, आणि अशी पोरं इथं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप आहेत.

मी गे नाही, पण आमच्या स्टाफमधल्या एका पोराबद्दल मला शंका आहे. विचारू का?

विचारू नका. ‘काही असलं तर मला सांग हं’ असं डोळे बारीक करून पण नको, त्यानं तो घरी जाऊन रात्रभर जागा राहतो. तुम्हाला खरंच त्याच्यासाठी काही करायचं असेल तर टेबलावर कुणी त्याला लग्नावरून धरलं की विषय तुम्ही बदला. बायल्या-छक्का असले शब्द तुमच्यासमोर आले की ‘बास की’ म्हणा, तो तिथं नसला तरी म्हणा, कारण कोण ऐकतंय ते तुम्हाला माहीत नसतं. घरी जेवायला बोलवलंत तर ‘कुणाला आणायचं असेल तर आण, रस्सा भरपूर केलाय’ एवढंच म्हणा. आणि कधी त्यानं स्वतःहून सांगितलंच तर ‘आधी का नाही सांगितलंस’, ‘तू वाटत नाहीस’ हे दोन्ही नको. हे अजून कुणाकुणाला माहीत आहे ते विचारून घ्या, म्हणजे कुणासमोर तोंड बंद ठेवायचं ते तुम्हाला कळेल.